ताजमध्ये राहून आलो, विचारा काय विचारायचं ते

वायगाव हळद

राम राम मंडळी.

लेक मुंबईत नोकरीला आहे. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून तिनं आम्हां दोघांना कुलाब्याच्या ताजमहाल हॉटेलात ठेवायचा घाट घातला. मी म्हटलं, बाई, त्यापेक्षा विहिरीवरची मोटर बदलून दे. ऐकते कुठं! दिवाळीनंतर जाऊन आलो. तेव्हापासून पारावर, सोसायटीत, दवाखान्याच्या रांगेत, भेटेल तो एकच विचारतो: "गुरुजी, आतमधी कसं हाय?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथं एकदाच लिहितो आणि लिंक पाठवून मोकळा होतो.

आधी वेळेचं. आपल्याकडून जाणारा माणूस बहुतेक रात्रीच्या गाडीनं जातो. आम्ही संध्याकाळी वर्ध्याला विदर्भ एक्सप्रेस धरली आणि सकाळी सीएसएमटीला उतरलो. खोली मिळते दुपारी दोनला. मधल्या वेळात दोन म्हाताऱ्यांनी करायचं काय? लेकीनं बुकिंग करतानाच लिहून ठेवलं होतं की आईबाबा रात्रभर प्रवास करून येणार आहेत, आईचे गुडघे दुखतात. पोहोचलो तर काउंटरवरच्या मुलीनं सामान ठेवून घेतलं, त्याची चिठ्ठी दिली, तोंड-हातपाय धुवायला जागा दाखवली आणि म्हणाली, खोली लवकर द्यायचा प्रयत्न करते. साडेदहालाच दिली, जास्तीचे पैसे घेतले नाहीत. तिच्यावर तशी सक्ती नव्हती, दोनपर्यंत बसवलं असतं तरी नियमातच होतं. तेव्हा बुकिंग करताना पोहोचायची वेळ आणि घरच्या माणसाची अडचण लिहायला लाजू नका.

दारात सामान यंत्रातून जातं. सौ.च्या पिशवीत ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि लेकीसाठी वर्ध्याचा गोरसपाक. मला वाटलं आता पिशवी उघडायला लावतात. तिथला पोरगा नुसता म्हणाला, "काकू, ठेचा आहे ना? घरची आठवण आली." तो साताऱ्याकडचा निघाला.

खोलीचं वर्णन करत बसत नाही, फोटो सगळीकडे आहेत. एक सांगतो. बाथरूममध्ये टब होता, आणि त्याच्या काठावरून पाय टाकणं सौ.ला जमेना. तिनं कुणाला फोन केला नाही, तक्रार केली नाही. साफसफाईला आलेल्या पोरीशी बोलता बोलता तिच्या तोंडून निघालं तेवढंच. संध्याकाळी गेटवेवरून परत येतो तर बाथरूममध्ये स्टूल, बादली, मग आणि खाली रबरी चटई मांडलेली! दुसऱ्या दिवशी दुसरीच पोरगी आली, तिलाही गुडघ्याचं माहीत होतं. शाळेत तीस वर्षं काढली मी, एका वर्गाची गोष्ट दुसऱ्या वर्गाच्या मास्तरपर्यंत पोहोचत नव्हती.

आता जेवण. सकाळचा नाश्ता खोलीच्या पैशातच होता. इडली, डोसा, पुरी-भाजी, अंड्याचे सतरा प्रकार, फळं, पाव, आणि पोहे. सौ.नं पोहे घेतले आणि मला हळूच म्हणाली, तर्री नाही. वाढणाऱ्या मुलानं ऐकलं. त्यानं आतून स्वयंपाक्याला बोलावून आणलं. तो विचारतो, मॅडम, कशी असते सांगा. तिनं सांगितली: हरभरे, भाजलेलं खोबरं, कांदा-लसूण, वर तेलाचा तवंग. दुसऱ्या दिवशी वाटीभर लाल रस्सा हजर. खरं सांगायचं तर ती तर्री नव्हती, मसाला पंजाबीकडं झुकलेला होता. पण सौ.नं वाटी पुसून खाल्ली.

संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये चहा घेतला. समोर गेटवे, मागं समुद्र, बोटी चाललेल्या. भेळ तिथंही मिळते. चहाची किंमत मी विचारली नाही, लेकीनं सांगितली नाही, दोघांचंही भलं झालं. रात्री त्यांच्या चिनी जेवणाच्या हॉटेलात एक सूप सांगितलं, दोघांत. आणताना त्यांनी आतूनच दोन वाट्यांत अर्धं अर्धं करून आणलं. आपण "एकच घेतो" म्हटलं की वाढप्याचं तोंड पाहायची सवय असते ना, तसलं काही नाही.

राहणाऱ्या पाहुण्यांना हॉटेलचा इतिहास सांगत फिरवतात, ते चुकवू नका. मोठ्या जिन्यापाशी जमशेटजी टाटांचा अर्धपुतळा आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात तिथं गेलेल्या 31 जणांचं स्मारकही आहे. तिथं सौ. बराच वेळ उभी राहिली.

विचारा काय विचारायचं ते. रात्री आठनंतर उत्तर देईन, दिवसा तुरीवर फवारणी चालू आहे.

तर्रीबाज

गुरुजी, लय भारी लिहिलं. पण मेन गोष्ट लपवून राहिले तुमी. खोलीत तो लहान फ्रिज असते ना, मिनीबार का काय, त्याचं काय केलं? दारूबंदीच्या जिल्ह्यातला माणूस आन् उशाशी मिनीबार!

वायगाव हळद

तर्रीबाज, वर्धा जिल्ह्याचं नाव खाली जाऊ दिलं नाही. सौ.नं पहिल्याच दिवशी आतल्या वस्तू मोजून कागदावर लिहिल्या आणि निघताना पुन्हा मोजल्या. बिलात एक पैसा लागला नाही.

बोंडअळी

वाचलं. चांगलं लिहिता गुरुजी, तुमचा राग नाही. पण हिशेब करू का? करासकट एका रात्रीचे वीस हजाराच्या वर गेले असतीन, बरोबर? 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता 8,110 रुपये क्विंटल, मध्यम धाग्याचा 7,710. तोही सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर नंबर लागला आन् ओलाव्यात कापला नाही तर. म्हणजे अडीच क्विंटल कापूस. आमच्याइकडे कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल निघला तर देव पावला म्हणतो. अर्धं एकर तुमी एका रात्री झोपून काढलं. आन् वेचणीचे पैसे मी धरलेच नाही.

पऱ्हाटी

बोंडअळी भाऊ, हाच हिशेब लग्नातल्या डीजेला लावा की. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावात एका रात्रीच्या डीजेला आणि फटाक्यांना जेवढे गेले त्यात गुरुजी आठवडाभर ताजमध्ये राहिले असते. तेव्हा कोणी क्विंटल मोजले नाहीत. लेकीनं स्वतःच्या पगारातून आईला चार दिवस आराम दिला तर मात्र कापूस आठवतो.

गुरुजी, मला काकूंना विचारायचं आहे. माझ्या सासूबाई नऊवारी नेसतात, मराठीशिवाय बोलत नाहीत. नणंदेनं पुण्यात अशाच हॉटेलात न्यायचं ठरवलंय, तर त्या नाहीच म्हणतात. "तिथं आपल्याकडे कोणी पाहील" म्हणतात. काकूंना तसं वाटलं का?

वायगाव हळद

सौ. सांगते तसं लिहितो: "पहिले घंटाभर वाटलं. मंग वाटलं नाही. पाहणारे पाहुणेच असतात, काम करणाऱ्या पोराईले पाहाले वेळ नसते. सासूले सांग, चप्पल चांगली घाल, बाकी काही बदलू नको. फरशी लय गुळगुळीत असते."

मराठीचं म्हणाल तर मुंबईत अडलं नाही. पुण्यात तर प्रश्नच नाही.

चरखा

गुरुजींनी जमशेटजींचा पुतळा सांगितला म्हणून थोडं अवांतर. बोंडअळी यांनी कापसात भाडं मोजलं, ते त्यांना वाटतं त्यापेक्षा जास्त बरोबर आहे.

जमशेटजींनी नाव कमावलं ते नागपुरात. मुंबईतले लोक मुंबईतच गिरण्या काढत होते तेव्हा त्यांनी कापूस जिथं पिकतो तिथं गिरणी काढली. 1 जानेवारी 1877 ला नागपूरची गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस मिल. कंपनीचं कागदावरचं नाव सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग. कामगारांसाठी 1886 मध्ये पेन्शन फंड आणि 1895 मध्ये अपघाताची भरपाई, कायद्यानं सांगायच्या कितीतरी आधी. ताज उघडलं 16 डिसेंबर 1903 ला. जमशेटजी पुढच्याच वर्षी गेले. म्हणजे हॉटेलच्या आधीची पंचवीस वर्षं त्यांच्या पदरात जी कमाई पडली तिच्यात वऱ्हाड-नागपूरच्या कापसाचा वाटा मोठा होता. कुठला रुपया कुठल्या दगडात गेला हे कोणी सांगू शकणार नाही, पण गुरुजी, त्या जिन्यावर तुम्ही अगदीच परके नव्हता.

एम्प्रेस मिल 2002 मध्ये बंद पडली. आता त्या जागेवर मॉल आहे. माझे मामा तिथं कापडखात्यात होते, मॉलमध्ये पाऊल टाकत नाहीत.

तर्रीबाज

चरखा भाऊ, मी तं आयकलं का ताज उलटं बांधलं. नकाशा विलायतेतून आला, इकडच्याईनं उलटा धरला, समोरचं मांगं झालं आन् त्या इंजिनिअरनं जीव देला. व्हाट्सअपवर आलं होतं.

चरखा

व्हाट्सअपवर येतं ते. नकाशा विलायतेतून आलाच नाही. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या इथल्याच लोकांनी केला. काम पुरं व्हायच्या आधी वैद्य वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते तडीस नेलं. जुनं मुख्य दार शहराच्या बाजूला होतं, आज तिथं पोहण्याचा तलाव आहे. घोडागाड्या तिकडून येत, म्हणून दार तिकडे. गेटवे तेव्हा नव्हतंच, ते 1924 मध्ये पुरं झालं. आपण आज गेटवेकडून पाहतो म्हणून आपल्याला ते उलटं वाटतं.

धानपेंढी

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, गुरुजींच्या बाथरूममधल्या स्टुलासाठी. मी साकोलीकडचा. हॉटेल मॅनेजमेंट नागपुरात केलं, आता मुंबईत एका पंचतारांकित हॉटेलात आहे. ताज नाही, नाव विचारू नका. आधी हाउसकीपिंगमध्ये होतो, आता फ्रंट ऑफिसला. आतून हे कसं चालतं ते सांगतो, म्हणजे कोणाला जायचं असेल तर भीती कमी होईल.

तुमचं नाव सगळ्यांना कसं माहीत असतं? दारात गाडी थांबली की सामान घेणारा बॅगेवरची चिठ्ठी वाचतो किंवा नाव विचारतो आणि आत कळवतो. काउंटरवर जाईपर्यंत तिथल्या माणसाकडे तुमचं नाव असतं. खोलीतून फोन केला की आमच्या फोनवर खोली नंबर आणि नाव दिसतं. म्हणून "गुड मॉर्निंग मिस्टर अमुक". जादू काही नाही.

गुडघ्याचं दुसऱ्या पोरीला कसं कळलं? आमच्याकडे पाहुण्याच्या नावावर नोंद करायची सोय असते, गेस्ट हिस्टरी म्हणतात. उशी कडक लागते, चहात साखर नको, लिफ्टजवळची खोली नको, सगळं लिहितात. शिफ्ट बदलताना ब्रीफिंग होतं त्यात तोंडीही सांगतात. पोरीनं काकूंचं बोलणं ऐकलं आणि जाऊन लिहिलं, हे तिचं काम तिनं नीट केलं. सगळीकडे करतातच असं नाही. एका पोरीला एका शिफ्टमध्ये बारा ते सोळा खोल्या काढायच्या असतात. त्यात थांबून म्हाताऱ्या बाईचं ऐकायचं म्हणजे पुढच्या खोलीची पाच मिनिटं जातात.

2008 नंतर हार्वर्डच्या अभ्यासकांनी ताजवर लिहिलं होतं, आमच्या कॉलेजात शिकवायचे. त्या हल्ल्यात पाहुण्यांना बाहेर काढताना कर्मचाऱ्यांचे जीव गेले, ही माणसं अशी का वागली, हे ते शोधत होते. त्यांना दिसलं की ताजवाले मोठ्या शहरांपेक्षा लहान गावांतली पोरं घेतात. मोठ्या माणसांशी नीट बोलतो का, हे पाहतात. इंग्रजी नंतर शिकवता येतं. आमच्या हॉटेलातही भंडारा, गोंदिया, बुलडाणा, नांदेडची पोरं भरपूर आहेत. तेव्हा पऱ्हाटी ताई, सासूबाईंना सांगा, तिकडे वाढणारा तुमच्याच बाजूच्या गावचा असू शकतो.

आता कामाच्या गोष्टी, सुचतील तशा.

आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र सगळ्यांचं लागतं, नुसतं नवऱ्याचं चालत नाही. बुकिंग लेकीच्या कार्डावर असेल आणि ती बरोबर नसेल तर तिनं आधीच मेल करून ठेवावी, काउंटरवर पहिला गोंधळ इथंच होतो. आल्यावर डिपॉझिट म्हणून कार्डावर काही रक्कम अडकवतात. ती कापली जात नाही, पण मोकळी व्हायला काही दिवस जातात. डेबिट कार्ड असेल तर पैसे गेल्यासारखे दिसतात आणि लोक घाबरून फोन करतात. क्रेडिट कार्ड नसेल तर रोख किंवा यूपीआयनं डिपॉझिट देता येतं, विचारा.

खोलीचं कार्ड दाराजवळच्या खाचेत घातलं की वीज चालू होते. बहुतेक ठिकाणी लिफ्टलाही तेच कार्ड लावावं लागतं.

खोलीतल्या दोन बाटल्या पाणी, चहा-कॉफीच्या पुड्या, साबण, दाढीचा नि दाताचा ब्रश यांचे पैसे नसतात. फ्रिजमधल्या वस्तूंचे असतात. कपडे धुवायला दिले की नगावर पैसे, एका शर्टात घरचा महिनाभराचा साबण येईल. जेवायला बसल्यावर "कुठलं पाणी?" विचारतात तेव्हा "साधं" म्हणा. नुसती मान हलवली की विकतची बाटली उघडतात आणि ती बिलात चढते. साधं पाणीही फिल्टरचंच असतं.

भाकरी मागा. ज्वारीचं पीठ असतं किंवा मागवतात, थोडा आधी निरोप द्या. तिखट मागा, कमी तेलाचं मागा, वरण-भात मागा. स्वयंपाक्याला रोज तेच पनीर करून कंटाळा आलेला असतो, कोणी पाटवडीचा रस्सा कसा करतात सांगितलं तर तो ऐकतो. मी आमच्या शेफला वडाभात करायला लावला होता. स्टाफच्या जेवणात झाला, पाहुण्यांपर्यंत गेला नाही, गोष्ट वेगळी.

टिपेचं दडपण घेऊ नका. दिली तर घेतात, नाही दिली तर कोणी तोंड वाकडं करत नाही. पण ज्यानं चांगलं केलं त्याचं नाव अभिप्रायाच्या कागदावर किंवा ऑनलाइन लिहा. आमच्याकडे ती नावं वाचून दाखवतात, बढतीला मोजतात. गुरुजी, त्या पोरीचं नाव लिहिलं का?

वायगाव हळद

लिहिलं. दोघींची लिहिली. तर्रीवाल्याचंही. मास्तर आहे, शेरा दिल्याशिवाय राहवत नाही.

सातबारा

धानपेंढी यांनी सगळं सांगितलं, पैशाचं राहिलं. खोलीचं भाडं रात्रीला 7,500 च्या वर गेलं की जीएसटी 18 टक्के. 7,500 पर्यंत 5 टक्के. नेटवर दिसणारा आकडा बहुतेक वेळा कराविना असतो, म्हणून 8,000 ची खोली हातात 9,440 ला पडते आणि 7,400 ची 7,770 ला. सहाशेच्या फरकाचे सोळाशे सत्तर होतात! मोठ्या हॉटेलात जेवणावरही 18 टक्के लागतो, बाहेरच्या साध्या हॉटेलात 5.

आणि बिलात "सर्व्हिस चार्ज" लिहून आला तर तो देणं सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्येच तसं सांगितलं. हॉटेलवाले दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तिथंही मार्च 2025 मध्ये प्राधिकरणाच्या बाजूनं निकाल लागला. शांतपणे "हा काढा" म्हणायचं.

धानपेंढी

बरोबर. आणि आवाज न चढवता म्हणा हे खास. काउंटरवरच्या पोराच्या हातात असतं, तो काढतो.

रोडगे

मी जरा कडू बोलतो. माझ्या बापाला घेऊन एका मोठ्या शहरातल्या अशाच हॉटेलात चहाला गेलो होतो. बाप धोतर-टोपीत. दारातल्या माणसानं मला सोडून त्यालाच विचारलं, "कुणाला भेटायचंय?" मागून आलेला हाफपँटवाला सरळ आत गेला. आत गेल्यावर सेवा चांगली मिळाली, खोटं बोलणार नाही. पण बाप परत असल्या ठिकाणी येत नाही. तुमच्या लहान गावच्या पोरांनीच दार धरलेलं असतं ना?

धानपेंढी

रोडगे दादा, धरलेलं असतं. नाकारत नाही. दारावर बरेचदा बाहेरच्या सुरक्षा कंपनीची माणसं असतात, त्यांना आमचं शिक्षण मिळत नाही, पण पाहुण्याला त्याच्याशी काय करायचं. अशा वेळी आत जाऊन "ड्यूटी मॅनेजरला बोलवा" म्हणायचं. हा माणूस चोवीस तास असतो आणि तो अशी गोष्ट अंगावर ठेवत नाही. कपड्यांचा नियम काही जेवणाच्या जागी संध्याकाळी असतो, तो हाफपँट आणि चपलांसाठी. धोतरासाठी तो नियम नाही.

रोडगे

तेव्हा हे माहीत नव्हतं. बघू.

तुरीचं ओलं

सगळे मुंबईचं बोलून राहिले. माझं बजेट सहा-सात हजार, आईबापाला नागपुरात एक रात्र ठेवायचं आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालंय बाबाचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायला जायचं असते. यवतमाळले जाऊन परत येण्यापेक्षा तिथंच थांबवू म्हटलं, आन् थांबवायचंच तं चांगलं. कुठी पाहू?

सातबारा

रामदासपेठ, वर्धा रोड, विमानतळाकडची बाजू, या भागांत मोठी हॉटेलं आहेत आणि तुमच्या बजेटात बऱ्याच तारखांना बसतात. 7,500 च्या आत राहिलात तर करही 5 टक्केच. दवाखाना रामदासपेठ-धंतोलीकडे असेल तर तिथलंच पाहा. फक्त डिसेंबरात जाऊ नका. विधानसभेचं हिवाळी अधिवेशन आलं की अख्ख्या नागपुरात खोली मिळत नाही, मिळाली तर भाव ऐकून बाबांचे डोळे पुन्हा दाखवावे लागतील. लग्नाच्या दाट तिथीही टाळा, खाली हॉलमध्ये रात्रभर बॅण्ड वाजतो.

धानपेंढी

ऑपरेशनचं बुकिंगमध्ये लिहा. खालच्या मजल्यावर, लिफ्टजवळ द्या म्हणा. नाश्ता धरून भाव विचारा, आमच्या भाषेत सीपी म्हणतात, नुसती खोली असली की ईपी. बहुतेक वेळा सीपीच परवडतो, कारण खाली जाऊन वेगळा नाश्ता घेतला तर माणशी भरपूर लागतात. बाबांना खोलीतच नाश्ता पाहिजे असेल तर तो त्यात बसतो का हे आधी विचारा. थेंब घालायच्या वेळी फोन करायला सांगा, वेक-अप कॉल नुसता सकाळचाच असतो असं नाही. दिवसातून चार वेळाही करतात.

तुरीचं ओलं

हे लय कामाचं सांगतलं भाऊ. मी मोबाईलमधी अलार्म लावून देणार होतो, बाबाले तो बंदच करता येत नाही.

पऱ्हाटी

अपडेट. सासूबाई तयार झाल्या. अट एकच, नाश्त्याला भाकरी पाहिजे. नणंदेनं फोन करून विचारलं, हो म्हणाले. मुंबईपुण्यात भाव कधी उतरतात हेही कोणी सांगा, नणंद विचारते.

धानपेंढी

मुंबईत पावसाळ्यात उतरतात. जून ते सप्टेंबर. ऑफिसवाल्यांची गर्दी जिथं असते अशा हॉटेलात शनिवार-रविवारीही कमी असतात. डिसेंबरचा शेवटचा आठवडा तर नावच काढू नका.

बोंडअळी

पहा! जून ते सप्टेंबर. पेरणी, डवरणी, खत, फवारणी. शेतकऱ्याले जेव्हा मान वर काढाले फुरसत नसते तेव्हा स्वस्त. काढलाच नियम शोधून.

तर्रीबाज

भाऊ, त्याईनं तुमाले पाहून नाही ठरवलं ते.

बोंडअळी

असो. वीस हजार मी काही देत नाही, हे लिहून ठेवा. पण धानपेंढी, एक विचारतो. बहिणीचा पोट्टा यंदा बारावी झाला. वावरात मन नाही, मोबाईलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ पाहून घरात काहीबाही करत राहते. बोलणं मात्र चांगलं आहे, मोठ्याईचा मान ठेवते. तुमच्या लाइनीत कसं जाता येते? खर्च किती, पगार किती, खरं खरं सांगा.

धानपेंढी

बोंडअळी भाऊ, खरंच सांगतो. सरकारी संस्था आहेत, आयएचएम म्हणतात, मुंबईची दादरला आहे. पदवीसाठी एनसीएचएम जेईई ही परीक्षा, एनटीए ही केंद्राची परीक्षा घेणारी संस्था ती घेते. इंग्रजीचे प्रश्न असतात, आतापासून वाचायला लावा. पदवी तीन वर्षांची. तेवढं झेपत नसेल तर त्याच संस्थांत नुसत्या स्वयंपाकाचा किंवा हाउसकीपिंगचा लहान कोर्स असतो, दीड वर्षाचा. खाजगी कॉलेजं नागपुरातही आहेत. फी भरण्याआधी तिथली पोरं ट्रेनिंगला कुठल्या हॉटेलात जातात ते विचारा, जाहिरात पाहू नका.

सुरुवातीचा पगार कमी असतो, घरी पाठवायला उरत नाही. जेवण आणि कपडे हॉटेलचे, तेवढाच आधार. नऊ-दहा तास उभं राहायचं. पहिलं वर्ष पोरं रडतात, दुसऱ्या वर्षी अर्धी सोडून जातात, जी टिकतात त्यांना जहाजावर नाहीतर आखाती देशांत चांगली संधी मिळते. आणि सगळ्या जगाला सुट्टी असते तेव्हा आम्हाला काम जास्त. दिवाळीला घरी येणं विसरा. पोळ्यालाही सुट्टी मिळणार नाही, हे बहिणीला आधीच सांगून ठेवा.

बोंडअळी

पोळ्यालेही नाही? थांबा, विचारून सांगतो.